वेंडलँडमधली गोल गावं (रुंडलिंग): बघताना काय बघायचं?

रानवाटा

नमस्कार मंडळी. मे महिन्यात हॅनोव्हरला जाणं आहे. त्यातले दोन दिवस वेंडलँडसाठी काढले आहेत. लोअर सॅक्सनीच्या पूर्व टोकाला, ल्युखो-डानेनबर्ग जिल्ह्यात, रुंडलिंग म्हणतात ती गोल गावं अजून दाटीनं शिल्लक आहेत एवढं माहीत आहे. फोटोंवरून कळतं ते इतकंच: मधे मोकळा चौक, भोवती लाकडी चौकटीची थोराड घरं, सगळ्यांची तोंडं चौकाकडे.

गावं गोल का? 'शत्रूपासून संरक्षणासाठी' हे पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकात असतं, पण पटत नाही. दहा-बारा घरं गोल करून बसली म्हणून कुठलं सैन्य अडणार?

एवढ्या मोठ्या घरात नेमकं काय काय चालायचं? शेतं कुठे आणि कोणाच्या वाट्याला किती? आणि आज तिथे खरोखर शेती होते, की सगळा देखावाच उरलाय?

कोणाचा अभ्यास असेल तर सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

गावशीव

शंका रास्त आहे. संरक्षणाची कथा जुनी आणि चिवट. तिची जोडगोळी म्हणजे 'रात्री गुरं मधे कोंडायला गोल केलं' ही दुसरी कथा. पण या गावांना ना तट, ना खंदक. घरं गवतानं शाकारलेली. एक पेटता बोळा टाकला की संपलं. आणि गुरं तर घरातच बांधत, त्यांना चौकात कोंडायचं कारणच नव्हतं.

आज जास्त मानली जाणारी मांडणी ब्राउनश्वाइगचे भूगोलतज्ज्ञ वोल्फगांग मायबायर यांची. ही गावं आपोआप वाढलेली नाहीत, बाराव्या शतकात, साधारण सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याच्या काळात, जर्मन सरदारांनी आखून वसवलेली आहेत. वसवलेले लोक मात्र बरेचसे स्लाव, म्हणजे वेंड. सुरुवातीला मोजकीच घरं अर्धवर्तुळात, घोड्याच्या नालासारखी उभी राहिली. पुढे वाटण्या झाल्या, एका वाड्याचे दोन झाले. दोघांनाही चौकाकडे दार हवंच, कारण गाडी तिथूनच घरात शिरायची. मग नालाची उघडी बाजू भरत गेली आणि वर्तुळ मिटलं. म्हणजे आज दिसणारा पूर्ण गोल हा बऱ्याच गावांत नंतरच्या दाटीचा परिणाम आहे.

गावात उभं राहून हे तपासता येतं. चौकात शिरायला मुळात एकच रस्ता. त्याच्या समोरच्या बाजूचा वाडा बहुतेकदा शुल्त्सेचा, म्हणजे गावच्या मुखियाचा. त्याची जागा शेजाऱ्यांपेक्षा रुंद असते. रस्त्याच्या तोंडाशी येत जाल तशा जागा अरुंद होत जातात, मधे मधे लहान घरं घुसवलेली दिसतात. प्रत्येक जागा पाचरीच्या आकाराची: चौकाकडे निमुळती, मागे रुंद. मागच्या रुंद भागात परसबाग, फळझाडं आणि त्याच्याही मागे ओकची झाडं. ओकची फळं डुकरांना, लाकूड पुढच्या पिढीच्या घराला.

जागेची निवडही बघा. गाव जवळजवळ नेहमी उंचवट्याच्या कडेवर असतं. वरच्या अंगाला कोरडी वालुकामय जमीन नांगरटीला, खालच्या अंगाला ओढ्याकाठची ओलसर कुरणं गवताला. दोन्ही हाताशी. मला विचाराल तर गोल आकारापेक्षा हे ठिकाण निवडण्यात जास्त अक्कल आहे.

चर्च चौकात शोधू नका. बऱ्याच गावांत ते नाहीच, असलं तर वर्तुळाच्या बाहेर. झाटेमिनला तसंच आहे.

अशी गावं एकेकाळी बाल्टिकच्या बाजूपासून थेट सॅक्सनीपर्यंत, जर्मन आणि स्लाव वस्ती जिथे भिडत होती त्या पट्ट्यात होती. बाकीच्या ठिकाणी ती विस्कटली, इथे टिकली. का टिकली ते कोणीतरी लिहीलच.

आढं_तुळई

घराबद्दल. याला नीडरडॉयचेस हालेनहाऊस म्हणतात. माणसं, गुरं आणि वर्षाचं पीक एकाच छपराखाली.

चौकाकडे दिसते ती घराची कामाची बाजू, राहती नव्हे. तिथलं मोठं दार भरलेली गाडी घोड्यांसकट आत जाईल एवढं उंच-रुंद. आत गेलं की मधोमध डीले, म्हणजे ठोकून घट्ट केलेल्या मातीचं लांबलचक खळं. दोन्ही बाजूंना गुरं आणि घोडे, तोंडं आत डीलेकडे, शेपट्या बाहेरच्या भिंतीकडे. त्यामुळे वैरण मधूनच टाकता येते. वर माळा. गाडी खाली उभी करायची आणि पेंढ्या वरच्या झडपेतून चढवायच्या. हिवाळाभर त्या थोड्या थोड्या खाली टाकून त्याच खळ्यावर झोडपून मळणी. डीलेच्या शेवटी फ्लेट, म्हणजे चुलीचा भाग, आणि त्याच्या मागे, बागेच्या बाजूला, राहायच्या खोल्या.

चूल उघडी, धुराडं नाही. धूर माळ्याखाली पसरून मोठ्या दारातून आणि छपरातून हळूहळू निघायचा. हे अडाणीपणाचं लक्षण नव्हतं. धुरानं वर टांगलेली डुकराची मांडी टिकायची, माळ्यावरचं ओलसर धान्य सुकायचं, लाकडात आणि छपरात कीड कमी व्हायची. किंमत माणसांचे डोळे आणि फुप्फुसं मोजायची. ठिणग्या वर जाऊ नयेत म्हणून चुलीवर लाकडी चौकट टांगलेली असे, पण गवताचं छप्पर आणि खाली वाळकी पेंढी म्हटल्यावर आग ठरलेलीच. १८५० साली झाटेमिन असंच जळालं आणि लगेच पुन्हा बांधलं गेलं. म्हणून तिथली घरं इतकी एकसारखी दिसतात. तो एकसारखेपणा मध्ययुगातला समजू नका, एकाच आगीनंतरचा आहे. जळलेली कित्येक गावं नंतर सरळ रस्त्यावर ऐसपैस बसवली गेली. झाटेमिननं गोल सोडला नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य.

घराचं वय ओळखायचं तर खांबांच्या रांगा मोजा. दोन रांगा असतील तर छपराचा भार आतल्या खांबांवर आणि बाजूच्या भिंती बुटक्या, नुसत्या आडोशाच्या. हा जुना प्रकार. चार रांगा असतील तर बाहेरची भिंतही भार घेते, त्यामुळे ती उंच, गोठे प्रशस्त, माळा मोठा. तीन रांगांचा मधला प्रकारही आहे: एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला छप्पर खाली उतरलेलं. वेंडलँडमध्ये तो आवर्जून शोधा, समोरून बघितलं की दर्शनी भिंत एका खांद्यावर झुकल्यासारखी दिसते.

मोठ्या दारावरची आडवी तुळई वाचायला विसरू नका. नवऱ्याचं नाव, मग बायकोचं नाव माहेरच्या आडनावासकट, बायबलमधलं वचन, चौकट उभी केल्याची तारीख आणि बरेचदा सुतार-मिस्त्रीचं नाव. अक्षरं कोरून रंगवलेली. एक सावधगिरी: तुळई दुसऱ्या घरातून काढून बसवलेली असू शकते. कोरीव मजकूर मधेच तुटला असेल किंवा शेजारच्या खांबाची भोकं जुळत नसतील तर ती तारीख घराची नाही.

छपराच्या टोकाला, दर्शनी भिंतीच्या अगदी वर, एक उभा कातीव दांडा दिसेल. त्याला वेंडेनक्न्युपल म्हणतात. शेजारच्या ल्युनेबुर्ग हीथ या झुडपी माळाच्या भागात त्या जागी दोन घोड्यांची तोंडं एकमेकांवर फुलीसारखी बसवतात.

रानवाटा

वा, हे वाचून फोटोच वेगळे दिसायला लागले. दोन उपप्रश्न: एवढी दांडगी घरं बांधायला वाळूतल्या शेतीतून पैसा कुठून आला? आणि वेंड लोकांचं पुढे काय झालं, हाकलले का?

पोथीनिष्ठ

दुसऱ्याचं उत्तर आधी. हाकलले नाहीत, तिथेच राहून जर्मन बोलायला लागले. गावांची नावं त्यांचीच आहेत: शेवटी -इट्स, -ओ, -इन असलेली बहुतेक नावं स्लाव्हिक. त्यांची भाषा, पोलाबियन, अठराव्या शतकाच्या मध्यात संपली. इथल्याच व्हुस्ट्रो गावचे पाद्री ख्रिस्तियान हेनिग यांनी शेतकऱ्यांना विचारून शब्दसंग्रह केला. त्याहून विशेष म्हणजे झ्युटेन गावचा शेतकरी आणि खानावळवाला योहान पारुम शुल्त्से (१६७७–१७४०). हा गृहस्थ कुळवाडी, पण त्यानं स्वतःच्या हातानं बखर लिहिली आणि १७२५ च्या सुमारास तीत वेंडिश शब्द नोंदवले. तो लिहितो की मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, मी आणि गावातली आणखी तीन माणसं गेली की कुत्र्याला वेंडिशमध्ये काय म्हणतात हे कोणाला धड सांगता येणार नाही. त्या काळी भाषा संपताना तिच्याच बोलणाऱ्यानं अशी नोंद ठेवल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

सातबारा

पैशाचं उत्तर: लिनन. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इथलं खरं नगदी पीक जवस, तेही तेलासाठी नव्हे, धाग्यासाठी. वसंतात दाट पेरायचं म्हणजे फांद्या फुटत नाहीत आणि काडी लांब मिळते. कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, नाहीतर धागा आखूड होतो. फण्यातून ओढून बोंडं काढायची. मग अंबाडीसारखंच पाण्यात कुजवायचं किंवा कुरणावर पसरून दवात ठेवायचं. इथे अंदाज चुकला की माल गेला: कमी कुजलं तर साल सुटत नाही, जास्त कुजलं तर धागाच तुटतो. कुजवण्याचे खड्डे गावाबाहेर, कारण वास सहन होत नाही आणि ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. मग वाळवणं, कुटणं, खरवडणं, लोखंडी दातांवरून विंचरणं, आणि हिवाळाभर कताई-विणकाम. एका जमिनीत जवस पुन्हा घ्यायचं तर सहा-सात वर्षं थांबावं लागतं, म्हणून कोणी सगळं रान जवसाखाली घालू शकत नव्हतं. यंत्रावरचं सुती कापड आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा बसला.

आता जमीन. प्रत्येकाची शेती एका जागी नव्हती. शिवाराचे मोठे तुकडे, त्या प्रत्येकात प्रत्येक वाड्याच्या लांब अरुंद पट्ट्या. शेजाऱ्याच्या पट्टीवरून गेल्याशिवाय आपल्या पट्टीवर पोचता येत नसे. म्हणून पेरणी आणि कापणी सगळ्यांची एकाच वेळी, मनात असो वा नसो. मुख्य पीक राय. कुरणं, रानं, झुडपी माळ सामाईक.

वाड्यांना दर्जा होता. पूर्ण हुफेवाला, अर्धा हुफेवाला, त्याखाली कोसाटर, म्हणजे थोडक्या जमिनीचे लहान शेतकरी, आणि सगळ्यात खाली जमीन नसलेले भाडेकरू मजूर. हुफे म्हणजे एका कुटुंबाला पुरेल एवढी शेती. आकडा ठोकून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो जमिनीच्या कसाप्रमाणे बदलायचा. जुन्या कागदात क्षेत्र मॉर्गेनमध्ये असतं. हॅनोव्हरचा मॉर्गेन साधारण ०.२६ हेक्टर, प्रशियाचा थोडा लहान. अनेक जण इथेच गल्लत करतात.

हे सगळं मोडलं ते एकोणिसाव्या शतकात, आणि एका फटक्यात नाही. १८०२ च्या ल्युनेबुर्ग भागाच्या नियमानं सामाईक जमिनीची वाटणी सुरू झाली. १८३३ च्या कायद्यानं सरदाराला द्यायचा सारा आणि वेठ एकरकमी फेडून मोकळं होता येऊ लागलं. रक्कम वर्षाच्या देण्याच्या पंचवीस पट. एवढा पैसा कोणाकडे? म्हणून १८४० मध्ये हॅनोव्हरमध्ये सरकारी पतसंस्था निघाली. १८४२ च्या कायद्यानं पट्ट्यांचं एकत्रीकरण झालं. गावाबाहेर पडल्यावर जे सरळसोट रस्ते, चर आणि चौकोनी शेतं दिसतील ती त्या काळापासूनची. गाव मध्ययुगाचं, शिवार एकोणिसाव्या शतकाचं.

वारसा हा मोठा मुद्दा. इथे वाडा एकाच वारसाकडे जातो. आजही लोअर सॅक्सनीत १९४७ चा ह्योफेओर्डनुंग कायदा लागू आहे: शेती न तुटता एकाकडे, बाकीच्या भावंडांना बाजारभावापेक्षा बरीच कमी भरपाई. शेतकरी इच्छा असेल तर यातून बाहेर पडू शकतो. याउलट दक्षिणेत, व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागात, सगळ्या मुलांना सारखी वाटणी. तिथे पट्ट्या रिबिनीएवढ्या झाल्या आणि लोक कारखान्यांकडे वळले. वेंडलँडच्या घरांचा दांडगेपणा बघताना धाकट्या भावंडांचाही हिशोब धरा, त्यांना गडी म्हणून राबणं किंवा गाव सोडणं एवढंच उरायचं.

म्हाताऱ्यांची सोय करारात लिहिलेली असे: कोणती खोली, किती सरपण, किती राय, किती दूध, बागेतला कुठला वाफा. सासू-सुनेचं पटणार नाही हे गृहीत धरून लिहिलेले कागद आहेत ते.

गावशीव

टिकली का, ते राहिलं होतं. थोडक्यात: गरिबी आणि सीमा. लिनन बसल्यावर नवं बांधायला पैसा नव्हता, मोठा कारखाना आला नाही. १९४५ नंतर हा जिल्हा पूर्व जर्मनीत घुसलेल्या जिभेसारखा झाला, तीन बाजूंना कुंपण. तरुण निघून गेले, घरं तशीच राहिली. १९७७ मध्ये अणुकचऱ्यासाठी याच जिल्ह्यातलं गोर्लेबेन निवडलं, त्यामागे वस्ती विरळ असणं हेही होतंच. पण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मार्च १९७९ मध्ये थेट हॅनोव्हरवर धडकले. २०२० मध्ये अणुकचऱ्याच्या संभाव्य जागांच्या यादीतून गोर्लेबेन बाद झालं. आजही शेतांच्या कडेला पिवळा लाकडी एक्स दिसेल, तो त्या आंदोलनाचा.

शेती चालते, पण बारा वाड्यांच्या गावात एखाद-दुसरा पूर्णवेळ शेतकरी. बटाटा (ल्युखोला स्टार्चचा कारखाना आहे), बीट, धान्य, बायोगॅससाठी मका. वाळूची जमीन आणि पाऊस जेमतेम, म्हणून उन्हाळ्यात फवारे. आजचं यंत्र त्या मोठ्या दारातून आत जातच नाही, त्यामुळे नव्या शेड वर्तुळाच्या मागच्या बाजूला. चौकातल्या घरांत बरेचसे हॅम्बुर्ग-बर्लिनहून आलेले लोक.

आढं_तुळई

त्या नव्या लोकांमुळे घरं वाचली आणि काही बिघडलीही. भिंतीच्या अगदी खालची, जोत्यावरची आडवी तुळई बघा. कुजणं तिथूनच सुरू होतं. चौकाची पातळी भर घालून वाढली की पावसाचे शिंतोडे थेट लाकडावर. जोतं जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर हवं. त्यात कोणी सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक रंग मारला की खेळ खलास. लाकूड आणि भरणीच्या मधे केसाएवढी फट पडतेच, पाणी आत जातं, बाहेर येत नाही, ओक आतून भुसा होतो आणि वरून टवटवीत दिसतो. मूळची भरणी कुडाची: ओकच्या काठ्या, त्यावर विणलेल्या फांद्या, वर माती-पेंढ्याचा लेप. ती ओल शोषते आणि सोडते. विटांची भरणी नंतरची.

दुरुस्तीची रीत अशी: चौकट जॅकवर टेकवून भार काढतात, कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापतात, जुन्या मुरलेल्या ओकचा तुकडा तिरक्या जोडानं बसवून लाकडी खुंट्या ठोकतात. नवं हिरवं ओक जुन्याला जोडलं की वाळताना आकसतं आणि जोड उघडतो. रंग अळशीच्या तेलाचा, भरणीला चुना. आतून उष्णतारोधन करायचं तर लाकडी तंतूंचे बोर्ड मातीच्या लेपात घट्ट बसवून. प्लॅस्टिक कागद लावला की हिवाळ्यात आतली वाफ त्याच्यामागे अडकते.

वळणवाट

जायचं कसं ते कोणी लिहिलं नाही म्हणून. ल्युखोला प्रवासी रेल्वे नाही. हॅनोव्हरहून युल्त्सेन, तिथून गाडी बदलून झाल्ट्सवेडल (हे पूर्वीच्या पूर्व जर्मनीत), आणि पुढे ल्युखोपर्यंत सपाट रस्त्यानं सायकल, साधारण पंधरा किलोमीटर. दुसरा मार्ग ल्युनेबुर्गहून डानेनबर्ग, पण त्या शाखेवर गाड्या फार थोड्या. बस शाळेच्या वेळा धरून चालतात, शनिवार-रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नका. सायकलचं वेगळं तिकीट काढा.

सुरुवात ल्यूबेल्नच्या संग्रहालयापासून करा. तिथे घर आतून बघता येतं आणि लिननची अवजारंही आहेत. हिवाळ्यात बंद असतं, मे महिन्यात हरकत नसावी, वार मात्र आधी तपासा. मग झाटेमिन, आणि वेळ उरला तर श्रायान. तिन्ही ल्युखोच्या आसपास सायकलच्या टप्प्यात आहेत. निघण्याआधी उपग्रह नकाशावर गाव बघून ठेवा. जमिनीवरून गोल दिसत नाही, झाडं आड येतात.

चौकात फिरायला मोकळीक आहे, वाड्याच्या आत किंवा मागच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. तारखाही जपून निवडा: येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारापासून (तारीख दरवर्षी बदलते) पुढे पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत जिल्हाभर कलाकारांच्या वाड्यांतला मोठा उत्सव असतो, कुल्टुरेले लांडपार्टी. बरीच घरं आतून बघायला मिळतात, पण खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. त्या दिवसांत जाणार असाल तर मुक्काम झाल्ट्सवेडल किंवा युल्त्सेनला करा.